पोस्त, बिदागी, सुपारी : सणाच्या वाजंत्र्याचे मोल

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून अजूनही वाजंत्री दारात येतात. एक सनई, एक हलगी, बरोबर सूर धरायला एखादा पोरगा. दोन-तीन मिनिटे वाजते. घरातून कुणीतरी कागदात बांधलेला फराळ आणि वर दहा-वीस रुपयांची नोट आणून देते, आणि मंडळी पुढच्या दाराकडे सरकतात. या पैशाला पोस्त म्हणतात. त्याच पहाटे शहरातल्या एखाद्या सभागृहात ‘दिवाळी पहाट’ चाललेली असते. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानने रुजवलेली ही कल्पना आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. तिथे प्रायोजकांचे फलक असतात, प्रवेशिका असतात, व्यासपीठावरच्या गायकाचा आकडा महिना-दोन महिने आधी ठरलेला असतो. त्याला मानधन म्हणतात. सण एकच, वेळही तीच. एकीकडे आकडा आधी ठरतो, दुसरीकडे तो देणाऱ्याच्या मनात असतो आणि नोट हातात पडेपर्यंत घेणाऱ्याला कळत नाही.

हा फरक गुणवत्तेचा आहे असे म्हणून विषय संपवता येतो, आणि बहुधा तो तसाच संपवला जातो. मला ते पटत नाही. दारातला सनईवाला सामान्य असेल, पण गणपतीच्या मिरवणुकीत सोळा-सोळा तास हलगी कडाडवणारा गडी सामान्य नसतो, आणि त्याचाही आकडा ‘बघू की, देऊ काहीतरी’ याच वाक्याने ठरतो. तेव्हा पारंपरिक वादकाने सणाच्या दिवशी किती पैसे घ्यावेत, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसला तरी तो आपल्या शब्दांचा आणि आपल्या लोककला-अभ्यासाचाही आहे. या लेखात तो तसा पाहायचा आहे.

आधी शब्द. मराठीत वादकाच्या मोबदल्याला मजुरी किंवा पगार असे सहसा म्हटले जात नाही. बिदागी म्हणतात. बिदा म्हणजे निरोप. बिदागी म्हणजे निरोप देताना हातावर ठेवायची भेट. म्हणजे काम झाल्यावर, यजमानाच्या खुशीने. दौलतजादा फडात उधळली जाते; तीत देणाऱ्याचा रुबाब असतो आणि घेणाऱ्याने आकड्याबद्दल बोलायचे नसते. गोंधळ्याला शिधा आणि दक्षिणा. सणाला येणाऱ्याला पोस्त किंवा ओवाळणी. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. रक्कम देणारा ठरवतो.

याला एकच ठसठशीत अपवाद आहे, तो सुपारीचा. सुपारी कामाच्या आधी दिली-घेतली जाते. ती घेतली की दोघेही बांधले जातात. वाजवणाऱ्याने यायचे, बोलावणाऱ्याने ठरलेले द्यायचे. मुंबईच्या गुन्हेगारीने हा शब्द पळवला आणि वर्तमानपत्रांनी तो इतका मळवला की आज ‘सुपारी घेतली’ म्हटले की खून आठवतो. वास्तविक कलावंताच्या बाजूने असलेला आपल्याकडचा हा सर्वांत सरळ शब्द.

आणि मग मानधन. हा शब्द प्रतिष्ठित वाटतो, पण तो कुठे कुठे वापरला जातो ते पाहावे. अंगणवाडी सेविकेला मानधन मिळते, आशा सेविकेला मानधन मिळते. काम रोजचे आणि नेमून दिलेले, पण ते वेतन म्हणायचे नाही, कारण वेतन म्हटले की हक्क आले. पैसे कमी द्यायचे असले की त्यात मान मिसळायची ही रीत सरकारदरबारी चांगली मुरली आहे. मोठ्या गायकाच्या बाबतीत मानधन हा शब्द निरुपद्रवी असतो, कारण त्याने आकडा आधीच सांगितलेला असतो. हलगीवाल्याला तोच शब्द लावला की मान त्याच्या वाट्याला येतो आणि धन खजिनदाराच्या मर्जीवर राहते.

ही ‘मर्जी’ आली कुठून? त्यासाठी गावगाड्याकडे जावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. महसूल खात्यात हयात घालवलेल्या या माणसाने बलुतेदारांचे हक्क, मान, खळ्यावरचा वाटा यांचा बारीक तपशील दिला. बलुत्यांच्या थोरली, मधली, धाकटी अशा तीन ओळी. ओळीप्रमाणे धान्याचा वाटा. अलुत्यांच्या याद्यांत गोंधळी, वाजंत्री, घडशी. आत्र्यांचा कल शेतकऱ्याच्या बाजूने आहे, मागत्यांबद्दल त्यांची लेखणी बऱ्याचदा कडवट होते. पण त्यांनी मोजले. त्यांच्या मोजणीतून व्यवस्थेचा एक साधा नियम हाती लागतो : वाजवणाऱ्याला मुख्य मोबदला वर्षातून एकदा, सुगीला, धान्यात मिळे. सणाच्या दिवशी हातावर पडे ते वरचे. पोस्त, ओवाळणी, नारळ, खण ही सगळी त्या वर्षाच्या धान्यावरची फोडणी होती. सणाचा वेगळा दर नव्हता, कारण सणाचे वाजवणे वर्षाच्या वाट्यात धरलेले होते.

ही व्यवस्था न्यायाची होती असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. ती जातीवर उभी होती आणि वाजवणे हे कसब कमी, बंधन जास्त होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या आक्षेपाचा एक गाभा हाच होता की सरकारचे आणि गावाचे काम करणाऱ्याचा मोबदला रयतेच्या मर्जीवर सोडलेला आहे. त्याआधी दहा वर्षे, १९१८ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द केली होती. उरलेल्या महाराष्ट्रात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. पुढे बलुत्याचे धान्यही हळूहळू आटले. कित्येकांनी स्वाभिमानाने हलगी खाली ठेवली आणि ते योग्यच केले. काहींनी ती ठेवली नाही. मातंग, होलार, गुरव, गोंधळी घरांतल्या या माणसांपुढे जो पेच उभा राहिला त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. वर्षाचा वाटा गेला आणि वरची फोडणी तेवढी उरली. सणाच्या दिवशी मनाला येईल ते द्यायचे, ही यजमानाची सवय मात्र तशीच राहिली, जणू खळ्यावर धान्य अजून मोजले जात आहे.

माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे. आज सणाच्या दराबद्दल जी घासाघीस होते ती चुकीच्या हिशेबावर होते. मंडळ एका दिवसाचे पैसे मोजते. वादकाला त्या दिवसातून वर्ष काढायचे असते.

आता अभ्यासकांकडे वळू. दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ची. रा. चिं. ढेरे यांचे ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ १९६४चे. अशोक दा. रानडे यांचे ‘लोकसंगीतशास्त्र’ १९७५चे. या तीन पुस्तकांचे ऋण माझ्यावर आहे आणि माझ्या पिढीतल्या प्रत्येकावर आहे. गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी यांना ढेऱ्यांनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती आधी कुणी दिली नव्हती. पण त्यांच्या ग्रंथाचे नावच पाहा : उपासक. एकदा का वादकाला उपासक म्हटले की त्याच्या कमाईला दक्षिणेखेरीज दुसरे नाव उरत नाही, आणि दक्षिणेची घासाघीस करणारा उपासक आपल्याला लोभी वाटू लागतो. ढेऱ्यांचा हा हेतू नव्हता. त्यांना दैवते आणि परंपरा यांचा माग काढायचा होता, तो त्यांनी काढला. दोष त्यांच्यामागून आलेल्यांचा, आम्हा मास्तरमंडळींचा. आम्ही वेशभूषा लिहिली, वाद्यांची मापे लिहिली, गण कुठे संपतो आणि कथा कुठे सुरू होते ते लिहिले. संबळाचे कातडे कोणत्या जनावराचे, हे प्रबंधात सापडते. तो संबळ वाजवणाऱ्याला त्या रात्रीचे किती मिळाले आणि ते कितीजणांत वाटले गेले, हे सापडायला फार शोधावे लागते.

तो हिशेब शोधायचा तर आत्मकथनांत शोधावा. दया पवारांनी आपल्या पुस्तकाला ‘बलुतं’ (१९७८) हे नाव दिले ते उगीच नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर कोण कोण जगते, ती कमाई कुणाच्या हाती जाते आणि तिच्या स्वतःच्या पोराच्या वाट्याला काय येते, हे ज्या उघडेपणाने येते, तसे ते तमाशावरच्या कौतुकाच्या लेखनात येत नाही. परभाषेत पाहायचे तर ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ (२००५) हे पुस्तक लिहिताना बँडचा मालक, मास्तर आणि हंगामी वादक यांच्यातला व्यवहार हा अभ्यासाचा विषय मानला. आपल्याकडे हा विषय अजून ‘कलेच्या पलीकडचा’ समजला जातो.

सणाचा दर ही कल्पना मराठी माणसाला परकी आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. नारायणगावला जाऊन यावे. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि यात्रेची सुपारी ठरते. तिथला नियम कुणाला शिकवावा लागत नाही. ज्या तिथीला अनेक गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात त्या तिथीची सुपारी चढी असते, आडदिवसाची उतरती. चैत्रातली कालाष्टमी, अक्षय्य तृतीया यांचा भाव वेगळा, हे पंचांनाही ठाऊक असते आणि फडमालकालाही. त्यात देवाचा अपमान होतो असे कुणाला वाटत नाही. यात्रा देवाचीच असते.

नारायणगावची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुपारी मालकाची असते. फडातल्या ढोलकीवाल्याचा, सुरत्याचा, झिलकऱ्याचा व्यवहार बऱ्याचदा उचलीवर चालतो. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत वाजवायचे. कोल्हापूरच्या वाचकाला उचल म्हणजे काय हे समजावण्याची गरज नाही; ऊसतोडीच्या टोळ्या आपण दरवर्षी पाहतो. तेव्हा दर चढा असणे आणि तो वादकापर्यंत पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपले गाव. कोल्हापूरच्या वाद्यांचा खास ताफा म्हणजे हलगी, घुमके, कैताळ आणि सनई. हलगीशिवाय इथे मर्दानी खेळ होत नाहीत, जोतिबाच्या सासनकाठीला रंग चढत नाही आणि कुस्तीचे मैदान भरत नाही. १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात पैलवान लाल मातीत उतरतो तेव्हा त्याच्या अंगात वारे भरते ते हलगीने. पण कुस्तीच्या जाहिराती पाहा. वरपासून खालपर्यंत जोडी आणि इनाम, जोडी आणि इनाम, आकडे ठळक. निवेदकाचेही नाव असते. मी पाहिलेल्या जाहिरातींत हलगीवाल्याचे नाव क्वचितच होते आणि त्याचा आकडा तर कधीच नव्हता. पैलवानाचे मोल जाहीर होते त्याने पैलवानाचा अपमान होत नाही, उलट तो मान समजला जातो. वादकाचे मोल जाहीर झाले की मात्र कला बाजारात बसली, असे आपण म्हणतो.

गणेशोत्सवात हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. ‘डॉल्बी नको, पारंपरिक वाद्ये वाजवा’ असे आवाहन पोलीस आणि जिल्हा प्रशासन दरवर्षी करते, आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. २०२५ साली राज्य सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. पण पारंपरिक वाद्य लावा म्हणणारा कुणीही ते कितीला लावायचे हे सांगत नाही. डॉल्बीवाला दर सांगतो, मंडळ तो मुकाट्याने देते, कारण यंत्राला भाडे असते हे सर्वांना मान्य आहे. हलगीला भाडे नसते, हलगीला ‘परंपरा’ असते. महाद्वार रोडवर मिरवणूक रेंगाळते, सगळ्या मिरवणुकीला मिळून चोवीस तासांहून अधिक लागतात, आणि ताफ्याशी झालेला करार असतो ‘एक मिरवणूक’ एवढाच. दहा तास वाजले तरी तेच, अठरा तास वाजले तरी तेच. रांगेत उभे राहण्याचे तास तर कुणी मोजतच नाही.

मी हे बाहेरून लिहीत नाही. तरुणपणी एका तालीम मंडळाचा चिटणीस असताना मी स्वतः ही घासाघीस केली आहे. ठरलेल्या रकमेतले थोडे आम्ही आधी दिले. बाकीचे विसर्जनानंतर द्यायचे होते. पहाटे चारला मूर्ती पाण्यात गेली आणि खजिनदार घरी निघून गेला. ताफ्यातला म्हातारा घुमकेवाला माझ्यापाशी येऊन म्हणाला, “साहेब, पोरं सकाळच्या यष्टीनं जाणार, तेवढं बघा.” मी खिशातले दोनशे रुपये आणि मंडळाचा एक नारळ त्याच्या हातात ठेवला. उरलेले पैसे दिवाळीनंतर पोचले, तेही पूर्ण नाहीत. वार्षिक अहवालात ‘वाद्य खर्च’ या सदरात मात्र मी पूर्ण रक्कम लिहिली. आज तो अहवाल काढून पाहिला तर एखादा संशोधक तो पुरावा म्हणून वापरेल.

याच जागी फुकट वाजवणाऱ्यांचा मुद्दा येतो. गेल्या काही दशकांत पुण्यात आणि त्या धर्तीवर इतर शहरांत ढोल-ताशा पथके वाढली. त्यांतली मुले-मुली शिकलेली, नोकरदार घरांतली. ती हौसेने वाजवतात, कित्येकदा पदरचे पैसे घालतात. पथक मंडळाकडून घेते ती रक्कम ढोलांवर आणि सामाजिक कामावर खर्च होते. हे वाईट आहे असे कोण म्हणेल? मुली कमरेला ढोल बांधून रस्त्यावर उतरल्या, ही मोठीच गोष्ट झाली. पण ज्याचे पोट दुसरीकडे भरते तो जेव्हा वाजवण्याचे घेत नाही, तेव्हा ज्याचे पोट वाजवण्यावर आहे त्याचा भाव पडतो, हेही तितकेच खरे. हौस ही खासगी गोष्ट असली तरी तिचा बाजारावरचा परिणाम खासगी नसतो.

हा पेच आपल्यापुरता नाही. आयर्लंडमध्ये पारंपरिक वादक पबमध्ये गोलाकार बसून वाजवतात, त्याला सेशन म्हणतात. दोघा-तिघांना मालकाने पैसे देऊन बसवलेले असते, बाकीचे आनंदासाठी येऊन मिसळतात. मालकाला हळूहळू असे वाटू लागते की हे संगीत आपोआप उगवते. १७ मार्चला, सेंट पॅट्रिक दिनी, जगभरच्या आयरिश पबना एकाच रात्री व्हायोलिनवाला आणि बासरीवाला हवा असतो. मग वादकांत प्रश्न पडतो की आज दुप्पट मागावे की नेहमीचेच घ्यावे. तिथेही बिदागीचा काळ होऊन गेला. टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) हा अंध वीणावादक घोड्यावरून जमीनदारांच्या घरी जाई, यजमानाच्या नावाने धून बांधी आणि पाहुणचार घेई. आपल्या शाहिराला ही गोष्ट परकी वाटणार नाही. पुढे १९३५च्या नृत्यगृह कायद्याने घराघरांतल्या नाचगाण्यांवर गदा आली, वादक परवानाधारक सभागृहांकडे लोटला गेला आणि वाजवण्याचा व्यवहारच बदलला. आणि अलीकडे, २०२२ साली, त्या सरकारने दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा तीन वर्षांचा प्रयोग सुरू केला. कार्यक्रम असो वा नसो. माझ्या मते हे नव्या रूपातले खळ्यावरचे धान्य, फक्त जातीचे बंधन वगळून.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी योजना आहे ती म्हाताऱ्यांसाठी. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार दरमहा मानधन देते. पूर्वी त्यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीचे अ, ब, क असे वर्ग होते. २०२४ मध्ये ते मोडून सरसकट पाच हजार रुपये केले गेले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. चांगले झाले. पण पन्नाशी उलटेपर्यंत काय, आणि आपण कलावंत आहोत हे सिद्ध करायला कागद कुठला? ज्याच्या कार्यक्रमाची कधी पावती झाली नाही, ज्याचे नाव जाहिरातीत छापले गेले नाही, त्याने पुरावा म्हणून काय जोडायचे? आकाशवाणीवर श्रेणी असलेल्या कलाकाराची तरी सोय आहे : ध्वनिचाचणी, श्रेणी, श्रेणीप्रमाणे ठरलेली रक्कम. घुमकेवाल्याची श्रेणी कुणी लावलेली नाही.

करखाते मात्र लोककलेकडे अगदी सरळ नजरेने पाहते. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या प्रयोगासाठी कलावंताने घेतलेली रक्कम दीड लाखापर्यंत असेल तर तिच्यावर वस्तू व सेवा कर नाही. तोच ताफा कार्यक्रम-व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीमार्फत बोलावला तर कंपनीच्या बिलावर अठरा टक्के. म्हणजे मंडळाने थेट वादकाशी बोलावे, हे करखात्यालाही कळते.

मग किती? आकडा टाळून हा लेख संपवला तर तोही ‘बघू की’च्याच पंथातला ठरेल. पाच जणांचा ताफा धरू : दोन हलग्या, एक घुमके, एक कैताळ, एक सनई. मिरवणूक सोळा तासांची. या माणसांना कसबाचे काहीच द्यायचे नाही, ते फक्त माती उपसत आहेत असे समजू. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर असतो, तो इथेही लावू. पहिल्या आठ तासांचे ३१२, पुढच्या आठांचे ६२४, माणशी ९३६, पाच जणांचे ४,६८०. हा कुदळीचा दर झाला. त्यात रात्र नाही, वाद्य नाही, गाडीभाडे नाही, वीस वर्षांचा हात नाही. कोणत्याही मंडळाने यापेक्षा कमी दिले तर ते परंपरा जपत नाही एवढे तरी म्हणता येईल.

आता दुसऱ्या टोकाने येऊ. समजा, एका वादकाच्या घराला वर्षाचे एक लाख वीस हजार रुपये वाजवण्यातून हवेत; बाकीचे तो रानातून किंवा मजुरीतून मिळवेल. समजा, वर्षात त्याला चाळीस दिवसांचे बोलावणे असते, त्यांतले तीस लग्न, वरात, उद्घाटन असे आडदिवसाचे आणि दहा मोठ्या सणांचे. आडदिवसाचे त्याने माणशी दोन हजार घेतले तर साठ हजार झाले. उरलेले साठ हजार दहा दिवसांतून यायला हवेत, म्हणजे माणशी सहा हजार. ताफ्याचे तीस हजार, गाडी आणि जेवण वेगळे. सणाचा दर आडदिवसाच्या तिप्पट. हा हिशेब ऐकून खजिनदार हसेल. पण त्याने रोषणाईचे बिल काढून शेजारी ठेवावे आणि मग हसावे.

आकडे कुणी बदलून घ्यावेत, माझा आग्रह रीतीचा आहे. तिप्पट ही रक्कम हावरेपणाची नाही, कारण ते दहा दिवस वाढवता येत नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहानंतर बंदी. बारापर्यंतची सूट वर्षात फार तर पंधरा दिवस. आणि ते दिवस बुडाले तर भरून काढायला दुसरे नसतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि महिनाभरात गणपती आले. मंडळांनी उत्सव साधेपणाने केला, पूरग्रस्तांना मदत दिली, योग्यच केले. २०२० आणि २०२१ साथीत गेले, यात्रा बंद, मिरवणुका बंद. कोल्हापूरच्या वादकाचे लागोपाठ तीन हंगाम गेले. साधेपणाची पहिली कात्री नेहमी वाजंत्र्यावर चालते, आणि त्या कात्रीची भरपाई पुढच्या वर्षी कुणी देत नाही. दरात हा धोका धरलाच पाहिजे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, तो सेवेचा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांच्या हेडामाला शेकडो धनगरी ढोल घुमतात, भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात. तिथे कुणी कुणाला सुपारी देत नाही. तिथे दराची भाषा केली तर ढोलवालाच माझ्या अंगावर येईल, आणि त्याचे बरोबर असेल. पण तो आपल्या देवापुढे, आपल्या नवसाने, आपल्या भावकीसोबत उभा असतो. त्याच ढोलवाल्याला एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला किंवा पुढाऱ्याच्या स्वागताला बोलावले, की देव बदलला. कुणी बोलावले आणि कुणासाठी वाजते, एवढे विचारले की सेवा आणि धंदा वेगळे करता येतात. घोटाळा मंडळे करतात. बोलावतात धंद्यासारखे आणि देतात सेवेसारखे.

दर वाढला तर मंडळे पुन्हा डॉल्बीकडे वळतील, ही भीती मात्र खोटी नाही. काही वळतील. ताफे आपापसांत फुटतील, एक तीस हजार मागेल तेव्हा दुसरा बारात तयार होईल. म्हणून हा एकेकट्या वादकाने सोडवायचा प्रश्न नाही. तालुक्यातल्या ताफ्यांनी चैत्रात एकत्र बसून, नारायणगावसारखा, तिथीवार भाव लावला तरच तो टिकेल. आणि करार ‘एक मिरवणूक’ असा न होता तासांचा व्हावा : किती वाजता सुरू, किती तासांनंतर जादा, निम्मी रक्कम सुपारी म्हणून आधी, उरलेली मूर्ती हलण्यापूर्वी, मिरवणूक रद्द झाली तर सुपारी परत नाही, आणि पावतीवर पाचही जणांची नावे. ही नावे पुढे म्हातारपणी मानधनाच्या अर्जाला जोडता येतील.

उरला पाडव्याच्या दारातला सनईवाला. त्याला मी बोलावलेले नसते, तो आपणहून येतो. त्याचे कोणत्याच हिशेबात बसत नाही. गेल्या पाडव्याला हा लेख डोक्यात असताना मी त्याला थांबवून विचारले, “मामा, किती देऊ?” त्याने सनई खाली घेतली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मालक, तुमच्या मनाला येईल ते.” मी म्हटले, नाही, तुम्ही सांगा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मागचा पोरगा मात्र पटकन म्हणाला, “शंभर द्या.”